गार्डाच्या खांद्यावरचा धूर

घाटनांदूरला माझ्या सासुरवाडीत, पाय धुऊन ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकाला समोरच दिसेल अशा जागी एक फोटो टांगलेला आहे. फोटोत आगगाडीचा डबा आहे. बाकावर माझी बायको बसली आहे आणि तिच्या शेजारी एक उंच, मिशा वळवलेला, पितळी बटणांचा कोट घातलेला माणूस ताठ उभा आहे. नवा पाहुणा आला की फोटोकडे बघतो आणि सासूबाईंना म्हणतो, "जावई लई रुबाबदार हाय बरं का तुमचा." सासूबाई हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. मी तिथंच घोंगडीवर बसलेला असतो.

तो माणूस मी नव्हे. तो गाडीचा गार्ड आहे.

निजामाचं राज्य गेलं, हाली रुपया गेला, परळीचं स्टेशन ओळखू येणार नाही इतकं बदललं. तो फोटो मात्र खिळ्यावरून हलला नाही. मी दोनदा तो काढून उतरंडीमागं ठेवला आणि दोन्ही वेळा पुढच्या खेपेला तो जागच्या जागी दिसला. तोंडी सांगायला गेलो की लोक अर्ध्यातच हसायला लागतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मी मूळचा बैलांचा दलाल. वडिलांनी माझ्यासाठी शेत ठेवलं नव्हतं की घर. हाताची दहा बोटं होती, त्यांवरच मी उभा राहिलो. हे शब्दशः घ्यावं, कारण आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातावर उपरणं टाकतात, त्याखाली एकमेकांची बोटं धरतात आणि दाबून भाव सांगतात. वरून दोघं पावसापाण्याचं बोलत असतात. भोवती माणसांचा गराडा असला तरी काय ठरलं ते कुणाला कळत नाही. मोमिनाबादच्या बाजारात माझ्या बोटांना लोक वचकून असत.

फोटो काढायची पेटीही मला सौद्यातच मिळाली. एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडं गावोगाव फिरायला छकडा होता, पण बैल नव्हता. माझ्याकडं एक बैल होता आणि तो लवकर नजरेआड व्हावा अशी माझी इच्छा होती. दिसायला देखणा, पण मनात आलं की भर रस्त्यात बसायचा. म्हाताऱ्यानं मला आठ दिवस शिकवलं, पेटी दिली आणि बैल घेऊन गेला. पुढं तो मला शिव्या देत फिरतो असं कानावर आलं. पण पेटीचा भाता दोन ठिकाणी फाटलाय हे त्यानंही मला सांगितलं नव्हतं. तेव्हा फिटंफाट.

परळीला देवळाच्या वाटेवर मी दुकान टाकलं. मागं रंगवलेला बागेचा पडदा, पुढं एक खुर्ची. वकील आले, पाटील आले, यात्रेकरू आले. दोन वर्षांत त्या खुर्चीवर कोण बसलं नाही ते विचारा. तर माझी बायको.

पहिल्या बाळंतपणाला ती घाटनांदूरला माहेरी निघाली, तेव्हा तिनं हा विषय काढला.

"अख्ख्या तालुक्याची तोंडं काढली. घरातलं एक तोंड ऱ्हायलं."

"चल, आत्ता दुकानात बस."

"दुकानात न्हाई. ती बाग खोटी हाय. आमच्या आळीत एकीनं बी आगगाडी आतून बघितली न्हाई. मला गाडीत बसलेली काढा. अन् दोघांचा पायजे, एकाच काचेत. तुमी न् मी."

मी बाजाराच्या रीतीप्रमाणं मागणी खाली उतरवायला सुरुवात केली. म्हणालो, फलाटावर काढू, मागं गाडी दिसेल. नाही. म्हणालो, तुझा एकटीचा काढतो, मोठा, चौकटीत बसवून. नाही. म्हणालो, बारशाला सगळ्या घराचा काढू.

"ते बी काढा. पन आदी ह्यो."

"अन् न्हाई जमला तर?"

"तर मी माहेरी बरी हाय. पोरगं चालाया लागलं की तुमीच येत जावा भेटाया."

ती भांडत नव्हती. शांतपणे शिदोरीचं फडकं बांधत होती. आयुष्यात मी ज्या माणसापुढं सौदा हरलो ते हे एकच. बोटं दाबायला हात पुढं केला तर ती हातात भांडं देते.

गाडी परळीहूनच सुटायची, म्हणून सुटण्याआधी बराच वेळ उभी असे. मला तेवढंच हवं होतं, कारण चालत्या गाडीत त्या पेटीनं फोटो निघणं शक्य नव्हतं. डब्यात उजेड कमी. भिंगावरचं टोपण काढायचं, सावकाश दहा म्हणायचे, टोपण लावायचं आणि तोवर कुणी पापणीसुद्धा हलवायची नाही, असा तो कारभार. आम्ही इंजिनाजवळचा डबा धरला, कारण धुराला भिऊन तिथं गर्दी नसायची. आमच्याखेरीज आत तिघंच होते. सीताफळांची पाटी घेतलेली एक म्हातारी, छत्री आणि पुस्तक घेतलेले एक मास्तर, आणि एक बैलांचा व्यापारी. या व्यापाऱ्याला मी बाजारापासून ओळखत होतो आणि तोही मला.

"कावून बे," तो म्हणाला, "धंदा सोडलास म्हनं? आता मान्सं इकतो का?"

मी तिवई उभी केली, तिच्यावर पेटी बसवली. तेवढ्यात दारात गार्ड आला.

"ये क्या है?"

"फोटोची पेटी."

"दिखता है. नीचे उतारो. गाडी में तसवीर निकालना मना है."

माझा स्वभाव गरम आहे हे मी कबूल करतो. त्यानं 'उतारो' ऐवजी 'उतारिये' म्हटलं असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं. मी विचारलं, कुठं लिहिलंय? त्यानं खिशातून एक चोपडं काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि मोठ्यानं उर्दूत वाचलं. मला उर्दू वाचता येत नसलं तरी बाजारात कान तयार झालेले. कलमं तीन होती. इंजिनाची आणि पुलाची तसवीर सक्त मना. रेल्वेच्या नोकराची तसवीर सक्त मना. मुसाफिराची तसवीर त्याच्या रजामंदीशिवाय मना.

"थांबा," मी म्हणालो. "तिसऱ्यात सक्त न्हाई."

"क्या?"

"दोन ठिकाणी सक्त मना हाय, तिसऱ्या ठिकाणी नुसतं मना. अन् ते बी रजामंदी नसली तर. असली तर?"

गार्डानं पुन्हा वाचलं. ओठ हलले, मिशा हलल्या. मास्तरांनी पुस्तकातून मान वर काढून सांगितलं, "ते बरोबर म्हणताहेत."

"ठीक है," गार्ड म्हणाला. "डब्बे के सब के सब हाँ बोले तो निकालो. एक भी नक्को बोला तो पेटी नीचे. और मेरे को उसमें बिलकुल नक्को. मेरी नौकरी का सवाल है." आणि तो दाराशी हात बांधून उभा राहिला. चार माणसांचं एकमत होत नाही हे त्याला नोकरीत कळलेलं असावं.

मी मास्तरांपासून सुरुवात केली. त्यांनी विचारलं, "फोटो लावणार कुठं?"

"घाटनांदूरला, सासुरवाडीत."

"तिथं माणसं बरीच येतात का?"

"तुम्हाला अडचण काय, ते सांगा की."

मास्तरांनी आवाज खाली केला. "मी आज शाळेत तापानं फणफणलेला आहे." मग त्यांनीच तोड सुचवली. पुस्तक तोंडासमोर धरून ते वाचत बसतील. छत्री दिसली तरी चालेल, छत्र्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. सौदा झाला.

म्हातारी अवघड निघाली. तिला स्वतःची फिकीर नव्हती. ती माझ्या बायकोच्या पोटाकडं बघत होती.

"आरं बाबा, भरल्या दिवसाच्या बाईवर ह्यो एवढा थोरला काचंचा डोळा रोखतुस व्हय? दिष्ट लागंल."

"आजी, त्यात जीव न्हाई. कशी लागंल?"

"जीव न्हाई म्हनूनच म्हनते. जित्या मान्साची दिष्ट काढता येती. ह्येची कोन काढनार?"

बायकोनं झटकन गाठोडं सोडून काजळाची डबी काढली आणि म्हातारीपुढं धरली. म्हातारीचा चेहराच पालटला. तिनं बायकोच्या गालावर तीट लावली. मग म्हणाली, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? आणि उठून सगळ्यांना लावत सुटली. मास्तरांनी चष्मा काढून गाल पुढं केला. व्यापाऱ्यानं "आजे, मी काय नवरी हाय का?" म्हणत लावून घेतली. मला हनुवटीवर लागली. स्वतःला लावून ती दाराशी गेली, तर गार्ड चक्क दोन पावलं मागं सरकला.

"मेरे को नक्को, अम्मा. मैं उसमें नहीं."

आता व्यापाऱ्याला विचारायचं राहिलं होतं. पण उजेड सरकत होता, म्हणून मी म्हटलं आधी नेम बघून घेऊ. डोक्यावरून काळा कपडा घेतला, पेटीच्या मागच्या काचेत उलटा दिसणारा डबा बघू लागलो. एक हात स्क्रूवर, दुसरा मोकळा. तेवढ्यात कपड्याखाली एक जाड, खरखरीत हात शिरला आणि त्यानं माझा मोकळा हात धरून तीन बोटं दाबली.

इथं मला कुणी शहाणपण शिकवू नये. बैलबाजारात वाढलेल्या माणसानं कपड्याखाली डोकं आणि हात घातलेला माणूस बघितला, तर तो दुसरं काय समजणार? त्याला वाटलं, मी सगळ्यांदेखत तोंडानं काही न बोलता त्याला भाव विचारतोय. आणि मी? मला खरं तर हात झटकायचा होता. पण बारा वर्षांची सवय. तीन बोटं दाबली गेली की माझी बोटं आपोआप एक कमी करतात. मी दोन दाबली. त्यानं थोडा वेळ घेतला, मग दोन दाबून हात बाहेर काढला.

"ठरलं," तो बाहेरून म्हणाला.

मला वाटलं, त्याची रजामंदी ठरली. मी खूश होऊन बाहेर आलो आणि गार्डाला म्हणालो, "झाले सगळे राजी. मोजा." त्यानं मोजले. मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटला.

काच बसवली, तिच्यापुढची पडदी ओढली. आता एकच काम उरलं होतं. मी बायकोशेजारी बसल्यावर टोपण काढायला कुणीतरी हवं. मास्तर पुस्तकामागं लपलेले, म्हातारी पाटी सोडेना. मी व्यापाऱ्याला पेटीजवळ उभं केलं. "मी हू म्हणलो की हे पितळी टोपण काढ, सावकाश दहा म्हण, परत लाव. बाकी कशाला हात लावू नको."

"मला काय शिकवतो बे," तो म्हणाला. "आता माझीच हाय."

हे मी ऐकलं, पण बायकोनं पदर सारखा करून माझ्याकडं बघितलं त्याच वेळी ऐकलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि चारचौघांत आम्ही असे एका बाकावर कधी बसलो नव्हतो. मी तिच्याशेजारी बसलो, फेटा सरळ केला आणि हू म्हणालो.

त्यानं टोपण काढलं, वर धरून बघितलं, धोतरावर घासलं आणि कनवटीला खोचलं.

मी डोळ्यांनीच खुणावलं. हलायचं तर नव्हतं. त्यानंही डोळ्यांनीच मला गप्प बस म्हणून खुणावलं आणि पेटीवरून असा हात फिरवला, जसा नव्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस पेटी विकत घेऊन बसला होता. दोन बोटांना. टोपण म्हणजे हातात आलेलं दावं.

दहा म्हणायचे होते, पण दोनपर्यंतसुद्धा माझा राग थांबला नाही.

"अरे टोपण काढ ते कनवटीचं!" असं ओरडत मी बाकावरून उठलो आणि त्याच्या अंगावर धावलो. तो म्हणाला, ठरलेलं मोडतोस व्हय, दलाल म्हनवतो का सोताला? मी त्याची कनवट धरली, त्यानं माझा फेटा धरला. भांडण सोडवायला गार्ड डब्यात घुसला आणि माझ्या रिकाम्या जागेसमोर, बायकोच्या शेजारी येऊन पोचला. त्याच क्षणी म्हातारी किंचाळली, "हलू नगा रं! त्यो डोळा उघडा हाय!"

गार्ड थिजला. छाती पुढं, हात बाजूला, मिशा ताठ. रेल्वेच्या नोकराला हुकूम ऐकायची सवय असते, तो कुणाचा हे तो बघत नाही. मास्तर थिजलेलेच होते. माझी बायको तर पहिल्यापासून हलली नव्हती. मी आणि व्यापारी पेटीमागं झोंबत होतो. शेवटी मी भिंगावर तळहात दाबला तेव्हा दहा कधीच होऊन गेले होते.

टोपण मिळालं, पण ते घाटनांदूर येईपर्यंत भांडून. व्यापाऱ्याचं म्हणणं एकच, कपड्याखाली बोटं मिळाली की सौदा झाला, मग वर कोण काय बोलतं त्याला किंमत नाही. खरं सांगायचं तर बाजाराच्या रिवाजाप्रमाणं त्याचंच बरोबर होतं. मी हे त्याला आजवर सांगितलेलं नाही.

बायकोला माहेरी सोडून मी परतलो, काळ्या खोलीत काच धुतली आणि तांबड्या दिव्यापुढं धरली. डबा सुरेख आला होता. म्हातारीची सीताफळं डोळा न् डोळा दिसत होती. बायको अशी आली होती की मी थोडा वेळ नुसताच बघत बसलो. आणि तिच्याशेजारी गार्ड. तीट नसलेला एकटाच माणूस. त्याच्या डाव्या खांद्याशी एक धुरकट पट्टा, जणू कुणीतरी चिलीम ओढून गेलंय. तो पट्टा म्हणजे मी. मी तिथं बसून उठलो तेवढ्या वेळापुरताच काचेवर उमटलो होतो.

ती काच मी फोडणारच होतो. पण दुसऱ्या दिवशी गार्ड दुकानात आला आणि म्हणाला, "वो काच तोड डालो. साहब को मालूम हुआ तो मेरी नौकरी जाएगी." त्यानं फोड म्हटलं म्हणून ती काच वाचली. मी म्हणालो, तुम्ही मला विचारून उभे राहिलात का तिथं? माझी रजामंदी कुठं होती? तो संतापला आणि जाताना सांगून गेला की यापुढं ही पेटी गाडीच्या पायरीवर जरी दिसली तरी तो ती फलाटावर फेकील. म्हणजे दुसरा फोटो काढायची वाटही मीच भांडून बंद केली.

मी घाटनांदूरला निरोप धाडला की काच फुटली. उलट निरोप आला की तब्येत बरी हाय, घाई न्हाई.

मुलगी झाली. बारसं झालं. मी घ्यायला गेलो, तर सासरे म्हणाले, "तिला इचारा." तिला विचारलं, तर ती म्हणाली, "काय ठरलं व्हतं?" मी दोनदा रिकाम्या हातानं परतलो. परळीत शेजारणी मला विचारत, बाळ कुणावर गेलंय, आणि मला ते नीट सांगता येत नव्हतं. तिसऱ्या खेपेला मी फोटो छापला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवला आणि तोंड पाडून घेऊन गेलो.

ओसरीवर सगळं घर जमलं. फोटो हातोहात फिरला. मेव्हणी पदरात तोंड घालून हसली. सासऱ्यांनी गार्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तंबाखू मळायला घेतली. शेवटी फोटो बायकोच्या हातात गेला. तिनं तो उजेडाकडं धरला आणि इतका वेळ बघितला की सासऱ्यांची तंबाखू मळून झाली. मग त्या धुरकट पट्ट्यावर बोट ठेवलं.

"ह्ये तुमी."

"कशावरनं?"

"सगळे गप बसल्यात. हललेलं दुसरं कोन असनार?"

ती बोट न उचलता म्हणाली, "दोघं एका काचेत हाईत. ठरलं तेवढं झालं," आणि लुगडी घड्या करायला आत गेली. फोटो मात्र तिनं माहेरीच ठेवला. आळीतल्या बायकांना दाखवायचा होता तो.

परतीच्या गाडीत तोच गार्ड. पोरीला मांडीवर घेऊन बायको खिडकीशी बसली होती. गार्ड आला, माझ्या हातात पेटी नाही हे बघितलं, पुढं गेला आणि परत आला. टोपी काढून हातात धरली.

"वो काच... तोडी क्या?"

"न्हाई."

"अच्छा." तो इकडंतिकडं बघून म्हणाला, "एक मेरे को मिलेगी? घर पे अम्मा है. उसने मेरे को वर्दी में कभी देखा नहीं."

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इतक्या महिन्यांचा राग आणि समोर गरजू गिऱ्हाईक. मी म्हणालो, "रेल्वेच्या नोकराची तसवीर. सक्त मना. तुमचंच चोपडं." आणि खांद्यावरचं उपरणं काढून हातावर टाकलं. "या. इथं बोला."

त्यानं भाबडेपणानं हात आत घातला. पण त्याला बोटांची भाषा येत नव्हती. तो हात माझ्या हातात नुसता पडून राहिला, झेंडी धरून घट्टे पडलेला आणि थोडा ओलसर. मी तीन बोटं दाबली. काही नाही. दोन दाबली. काही नाही. त्याला वाटलं मी हात हातात घेतलाय, म्हणून तो हसला. असल्या हाताशी काय सौदा करणार?

"द्या की," बायको पोरीचं टोपरं बांधत म्हणाली. "त्यांच्या घरी तरी त्या मान्साला बरोबर वळखतील."

मी त्याला एक छापून दिला. दुकानात त्यानं तो उलटसुलट बघितला, माझी बायको होती ती बाजू अदबीनं दुमडून घेतली म्हणजे परक्या बाईचा चेहरा त्याच्या घरी दिसायला नको, आणि मग खांद्याजवळच्या पट्ट्यावर फुंकर मारली. तो गेला नाही, तेव्हा रुमालानं घासून बघितला.

"ये क्या लगा है? दाग है?"

मी त्याला सांगितलं नाही. इंजिनाचा धूर असेल, म्हणालो.